वेद: घरोघरी ऐकलेले, क्वचितच वाचलेले

गणेशोत्सवात शेवटची आरती संपते, झांजा खाली ठेवल्या जातात, हातावर फुले पडतात आणि जमलेले सगळे एका सुरात मंत्रपुष्पांजली म्हणू लागतात. मुंबईच्या चाळीत असो की परदेशातल्या महाराष्ट्र मंडळाच्या सभागृहात, हा प्रसंग सारखाच. लहान मुलांनाही ती पाठ असते. कोणी बसवून शिकवलेली नसते, दहा दिवस कानावर पडून तोंडात बसलेली असते. तिच्यातला पहिला मंत्र म्हणजे ऋग्वेदातल्या पुरुषसूक्ताची शेवटची ऋचा. दुसरा तैत्तिरीय आरण्यकातला, कुबेराला वंदन करणारा. तिसरा ऐतरेय ब्राह्मणातला, राजाच्या महाभिषेकाच्या प्रकरणातला. राज्याचे एकेक प्रकार मोजून समुद्रापर्यंतच्या पृथ्वीवर एकच सत्ता नांदावी अशी आकांक्षा त्यात आहे. चौथ्यात मरुत्त नावाच्या राजाची थोरवी गायली आहे, त्याच्या घरी म्हणे प्रत्यक्ष मरुद्गण पंगतीला वाढत होते. या चारही मंत्रांत गणपतीचे नाव कुठेही नाही.

वेदांचे हिंदू जीवनातले स्थान समजून घ्यायला याहून चांगले उदाहरण सापडणार नाही. कोट्यवधी लोक वेदांना धर्माचे मूळ मानतात. जन्मापासून मरणापर्यंतच्या विधींत त्यांचे मंत्र कानावर पडतात. पण वेद उघडून वाचलेला माणूस भेटणे कठीण. घरात ज्ञानेश्वरी असते, गीता असते, गुरुचरित्र आणि दासबोध असतो. ऋग्वेदाची संहिता शंभरांत एखाद्या घरी सापडली तरी नवल. तो वाचायचा ग्रंथ म्हणून कधी नांदलाच नाही. तो ऐकला गेला, म्हटला गेला आणि प्रमाण मानला गेला.

वेद चार, हे शाळेत सगळेच शिकतात. ऋग्वेदात दहा मंडले, १०२८ सूक्ते आणि साडेदहा हजारांच्या आसपास ऋचा आहेत. दुसऱ्यापासून सातव्यापर्यंतची मंडले एकेका ऋषिकुळाची आहेत: गृत्समद, विश्वामित्र, वामदेव, अत्री, भरद्वाज, वसिष्ठ. सामवेदातल्या बहुतेक ऋचा ऋग्वेदातल्याच, पण गाण्यासाठी बांधलेल्या. यजुर्वेद हा यज्ञात हाताने काम करणाऱ्या अध्वर्यूचा वेद, म्हणून त्यात पद्याबरोबर गद्यही आहे. अथर्ववेदात तापापासून सर्पदंशापर्यंतचे उपाय, संसार, राज्य आणि पृथ्वीचे भव्य स्तवन शेजारी-शेजारी नांदते. प्रत्येक वेदाच्या संहितेला पुढे ब्राह्मणे, आरण्यके आणि उपनिषदे जोडली गेली. एवढा सगळा पसारा मिळून ‘वेद’.

काळाचा वाद जुना आहे. बहुतेक अभ्यासक ऋग्वेदाची रचना इसवी सनापूर्वी १५०० ते १००० या काळात धरतात. लोकमान्य टिळकांनी १८९३ च्या ‘ओरायन’मध्ये नक्षत्रांच्या उल्लेखांवरून तो काळ इसवी सनापूर्वी ४५०० पर्यंत मागे नेला होता; ते गणित आज फारसे कोणी मान्य करत नाही. पक्का पुरावा म्हणून एक गोष्ट मात्र सगळेच सांगतात. तुर्कस्तानात बोगाझकोय येथे सापडलेल्या इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकातल्या एका करारात, मितन्नी राजाने साक्षीला बोलावलेल्या देवांमध्ये मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य ही नावे आहेत. तेव्हाच्या पश्चिम आशियात या देवांची शपथ घेतली जात होती.

या ग्रंथांचे खरे आश्चर्य त्यांच्या वयात नाही, ते टिकले कसे यात आहे.

ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात वसिष्ठांचे एक मंडूकसूक्त आहे. पहिला पाऊस पडतो, वर्षभर गप्प असलेले बेडूक ओरडू लागतात, एकाचा आवाज दुसरा उचलतो आणि ऋषीला आठवतो तो गुरूमागून पाठ म्हणणारा शिष्य. म्हणजे ऋग्वेद रचला जात होता त्याच काळात मुखपाठाची शाळा इतकी रुळलेली होती, की तिची उपमा सहज सुचावी. आजच्या वेदपाठशाळेतही तेच चालते. गुरुजी एक चरण एकदा म्हणतात, विद्यार्थी तो दोनदा म्हणतो. याला ‘संथा देणे’ म्हणतात. सकाळी संथा झाली की दिवसभर तिची आवृत्ती. पुस्तक समोर असले तरी ते आधाराला. शिकायचे गुरूच्या तोंडून आणि आपल्या कानाने.

नुसते पाठ करून माणूस चुकतो, हे त्या जुन्या आचार्यांना पक्के ठाऊक होते. म्हणून त्यांनी एकाच मंत्राला वेगवेगळ्या प्रकारे म्हणण्याच्या रीती बांधल्या. संहितापाठात संधी होऊन शब्द एकमेकांत मिसळलेले असतात. शाकल्याने केलेल्या पदपाठात प्रत्येक शब्द सुटा करून म्हटला जातो. क्रमपाठात दोन-दोन शब्दांची साखळी: १-२, २-३, ३-४. जटापाठात तीच जोडी सुलट, उलट, पुन्हा सुलट: १-२-२-१-१-२. आणि घनपाठात १-२-२-१-१-२-३-३-२-१-१-२-३. एवढे झाले की दुसऱ्या शब्दापासून पुन्हा तेच. शब्द उलटले की संधीही बदलतात, स्वरही बदलतात. ते सगळे नियमाने बरोबर यावे लागते. असा पाठ म्हणणाऱ्याच्या तोंडून एखादा शब्द गळला किंवा पुढे-मागे झाला, तर पुढची साखळी तिथल्या तिथे अडते. जटा, माला, शिखा, रेखा, ध्वज, दंड, रथ आणि घन अशा आठ विकृती परंपरेने सांगितल्या आहेत. त्यांतला घन ज्याला येतो तो घनपाठी. हे शिकायला दहा-बारा वर्षे सहज जातात. कागद, शाई, ताडपत्र यांच्या मदतीशिवाय मजकूर अक्षराअक्षराने जपण्याची इतकी कसून बांधलेली पद्धत जगात दुसरीकडे सापडत नाही, आणि हे विधान अभिमानाच्या भरात केलेले नाही. हजारो कोसांवरच्या पाठशाळांतली ऋग्वेदसंहिता एकमेकींशी जुळते, हा त्याचा पुरावा आहे.

शब्दांइतकेच स्वर महत्त्वाचे. उदात्त, अनुदात्त, स्वरित. छापील ऋग्वेदात अक्षराखालची आडवी रेघ अनुदात्ताची आणि डोक्यावरची उभी रेघ स्वरिताची. माध्यंदिन शाखेचे यजुर्वेदी हाताच्या हालचालीने स्वर दाखवत म्हणतात, त्यामुळे चूक कानाला आणि डोळ्याला अशी दोन्हीकडे कळते. स्वर चुकला तर काय होते, याची गोष्ट तैत्तिरीय संहितेतच आली आहे. त्वष्ट्याला इंद्राला मारणारा पुत्र हवा होता. आहुती देताना त्याने शब्द तोच उच्चारला, पण आघात भलत्या अक्षरावर पडला आणि अर्थ झाला: इंद्र ज्याला मारणार आहे असा. वृत्र जन्मला आणि इंद्राकडून मारला गेला. पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट सांगितली गेली ती उगीच नव्हे.

लिहिण्याबद्दल परंपरा फार काळ साशंक राहिली. अकराव्या शतकात भारतात आलेल्या अल्‌ बेरुनीने लिहून ठेवले आहे, की ब्राह्मण वेद तोंडपाठ करतात, लिहू देत नाहीत आणि बरेच जण अर्थ न समजता म्हणतात. आपल्या काळाच्या थोडे आधी काश्मिरातल्या वसुक्र नावाच्या पंडिताने वेद लेखी उतरवले, असेही तो नोंदवतो. आज हाती असलेल्या पोथ्या त्यामुळे तुलनेने अलीकडच्या आहेत. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातल्या ऋग्वेदाच्या ३० हस्तलिखितांचा युनेस्कोने २००७ मध्ये जागतिक स्मृतिसंचितात समावेश केला. त्यांतले सर्वांत जुने १४६४ सालचे आहे आणि एक काश्मीरहून आलेले, भूर्जपत्रावर शारदा लिपीत लिहिलेले. जी रचना तीन हजार वर्षांपूर्वीची, तिची जपून ठेवलेली पोथी जेमतेम साडेपाचशे वर्षांची. मधल्या काळात जे उभे होते ते फक्त माणसांचे पाठांतर.

त्या माणसांना जगवावे लागे. पेशवाईत श्रावण महिन्यात पुण्याला पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात दक्षिणा वाटली जाई. दूरदूरहून वैदिक आणि शास्त्री येत, कोणाला किती येते ते पाहून रक्कम ठरे. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी त्या निधीचा काही भाग १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात काढलेल्या संस्कृत पाठशाळेकडे वळवला. पुढे तिच्याच परंपरेतून डेक्कन कॉलेज उभे राहिले. वेदपाठाच्या दक्षिणेतून आधुनिक शिक्षणाचा एक ओघ निघाला, हे महाराष्ट्राच्या इतिहासातले मोलाचे वळण आहे.

आता देवांकडे वळू. ऋग्वेदातली जवळजवळ चौथाई सूक्ते इंद्राची आहेत, त्याखालोखाल अग्नीची. विष्णूला मोजकी सूक्ते, रुद्राला त्याहून कमी. राम, कृष्ण, विठ्ठल, खंडोबा, तुळजाभवानी यांचा तिथे पत्ता नाही. देवळे आणि मूर्तीही नाहीत. पूजा म्हणजे अग्नीत आहुती. उलट आजच्या महाराष्ट्रात इंद्राचे देऊळ शोधून सापडणार नाही. एवढा पालट झाला तरी धागा तुटला नाही, कारण नव्या देवांची पूजा जुन्या मंत्रांनी होऊ लागली. पुरुषसूक्ताच्या सोळा ऋचा आहेत आणि षोडशोपचार पूजेचे उपचारही सोळा. आवाहनाला पहिली ऋचा, आसनाला दुसरी, असे करत सोळावी मंत्रपुष्पाला. विश्वपुरुषाच्या यज्ञाचे वर्णन करणारे हे सूक्त घरच्या बाळकृष्णाला स्नान घालताना म्हटले जाते. गणपतीला आवाहन करताना म्हटली जाणारी दुसऱ्या मंडलातली प्रसिद्ध ऋचा मुळात ब्रह्मणस्पतीची. अथर्वशीर्ष अथर्ववेदाशी जोडलेले असले तरी ते बऱ्याच नंतरच्या काळातले उपनिषद आहे. भाविकाला याची अडचण कधी वाटली नाही, आणि वाटण्याचे कारणही नाही: वेदमंत्र लागला की पूजा प्रतिष्ठित होते, ही त्याची श्रद्धा.

लग्नातही असेच. मांडवात गर्दी होते ती मंगलाष्टकांना. अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात, वाजंत्री वाजते आणि बहुतेक पाहुणे जेवणाच्या पंगतीकडे वळतात. ही मंगलाष्टके वेदातली नाहीत. खरा वैदिक विधी त्यानंतर, मोजक्या माणसांसमोर होतो: लाह्यांचा होम, अश्मारोहण, सप्तपदी. त्यांत दहाव्या मंडलातल्या सूर्येच्या विवाहसूक्ताचे मंत्र येतात. कायद्यालाही हेच महत्त्वाचे वाटले. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमात म्हटले आहे, की विधींमध्ये सप्तपदी असेल तर सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण होतो. अंत्येष्टीतही दहाव्या मंडलातली यमाची आणि अग्नीची सूक्ते येतात. म्हणजे ज्याने आयुष्यात वेदाचे पान उलटले नाही त्याचीही पाठवणी वेदाच्या शब्दांनी होते.

तत्त्वज्ञांनी या श्रद्धेला पाया देण्याचा कसून प्रयत्न केला. जैमिनींच्या मीमांसेत वेद अपौरुषेय आहेत, म्हणजे कोणीही रचलेले नाहीत, देवानेसुद्धा नाहीत. शब्द आणि अर्थ यांचे नाते नित्य आहे, ऋषींनी मंत्र ‘पाहिले’, केले नाहीत. नैयायिकांनी मात्र वेद ईश्वराने सांगितले असे मानले. यातून एक विलक्षण गोष्ट घडली. भारतीय परंपरेत आस्तिक कोण याची कसोटी देव मानणे ही राहिली नाही, वेद प्रमाण मानणे ही राहिली. जगाचा निर्माता ईश्वर न मानणारे सांख्य आणि मीमांसक आस्तिक ठरले; बौद्ध, जैन आणि चार्वाक नास्तिक. मतभेदालाही या परंपरेत जागा होती. यास्काच्या निरुक्तात कौत्स नावाच्या आचार्याचे मत दिले आहे, की मंत्रांना अर्थच नसतो. यास्काने ते लपवले नाही, मांडले आणि मग खोडून काढले.

वेदप्रामाण्याची ही कसोटी विसाव्या शतकात थेट न्यायालयात पोचली. गुजरातेतल्या स्वामीनारायण संप्रदायाच्या काही अनुयायांनी दावा केला होता, की आपण हिंदू नाही, म्हणून अस्पृश्यांना मंदिरप्रवेश देणारा कायदा आपल्या मंदिरांना लागू नाही. १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर मूळचे साताऱ्याचे. हिंदू कोणाला म्हणावे हे सांगताना त्यांनी टिळकांच्या व्याख्येचा आधार घेतला. वेदांविषयी प्रामाण्यबुद्धी, साधनांची अनेकता आणि उपास्याचा नियम नसणे, ही त्या व्याख्येची तीन लक्षणे. वेदांचा आदर हे ओळखीचे लक्षण मानणाऱ्या व्याख्येनेच देवळाचे दार उघडायला मदत केली.

पण वेदांचे स्वतःचे दार दीर्घकाळ बंद होते, हे इथे स्पष्ट लिहिले पाहिजे. धर्मसूत्रांनी आणि स्मृतींनी शूद्रांना वेद ऐकण्याचीही बंदी केली, स्त्रियांचा उपनयनाचा अधिकार गेला. आणि हे त्या ग्रंथांच्या नावाने झाले, ज्यांच्यात घोषा, अपाला, विश्ववारा आणि लोपामुद्रा यांच्या नावावर सूक्ते आहेत. ऐतरेय ब्राह्मणात कवष ऐलूषाची कथा आहे. सरस्वतीच्या काठी सत्र चालले असता ऋषींनी त्याला दासीपुत्र म्हणून हाकलले, पाण्यावाचून मरावा म्हणून वाळवंटात सोडले. तिथे त्याला अपोनप्त्रीय सूक्त स्फुरले आणि सरस्वतीचे पाणी त्याच्याभोवती धावत आले. ऋषींना त्याला परत बोलवावे लागले. महाराष्ट्रात श्रावणी सोमवारी घरोघरी लघुरुद्र होतो, म्हणजे रुद्राची १२१ आवर्तने. त्या रुद्रपाठात रुद्राची रूपे म्हणून कोणाकोणाला नमस्कार आहेत ते एकदा पाहावे: सुतार, रथ बनवणारे, कुंभार, लोहार, निषाद, पारधी, कुत्री पाळणारे, चोरांचा अधिपतीसुद्धा. ज्या तोंडांनी शतकानुशतके कुंभाराला आणि निषादाला नमन केले, त्याच तोंडांनी त्यांना मंत्र ऐकायला मनाई केली. मंत्र अक्षर न चुकता जपला गेला, त्यातला नमस्कार मात्र विधीच्या बाहेर पडला नाही.

मराठी संतांनी यावर नेमके बोट ठेवले. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात ज्ञानदेव म्हणतात त्याचा आशय असा: वेद संपन्न खरा, पण त्याच्यासारखा कृपण नाही, तो तीन वर्णांच्याच कानाला लागतो, ही उणीव भरून काढायला तो गीतेच्या रूपाने पुन्हा प्रकटला. पैठणला रेड्याच्या मुखातून वेद वदवल्याची आख्यायिका याच भावनेतून लोकांच्या मनात रुजली. वारकऱ्यांनी वेदाचा अनादर केला नाही. वेदाचे सार नामात आहे असे सांगून त्यांनी अधिकाराचा प्रश्नच ओलांडला.

राजसत्तेपुढे मात्र तो ओलांडता येण्यासारखा नव्हता. १६७४ मध्ये शिवाजी महाराजांना वैदिक पद्धतीने राज्याभिषेक व्हावा म्हणून काशीच्या गागाभट्टांना बोलवावे लागले आणि अभिषेकाआधी महाराजांची मुंज करावी लागली. सव्वादोनशे वर्षांनी त्यांच्याच गादीवर तोच प्रश्न पुन्हा आला. १८९९ च्या कार्तिकात कोल्हापूरचे शाहू महाराज पंचगंगेवर स्नानाला जात. बरोबर असलेल्या राजारामशास्त्री भागवतांच्या लक्षात आले, की पुरोहित वेदोक्त नव्हे, पुराणोक्त मंत्र म्हणतो आहे. विचारल्यावर उत्तर मिळाले, की छत्रपतींना वेदोक्ताचा अधिकार नाही. राजोपाध्ये हट्टाला पेटले, १९०१ मध्ये ‘केसरी’तून टिळकांनी वेदोक्ताच्या मागणीवर टीका केली, महाराजांनी राजोपाध्यांची इनामे खालसा केली. २६ जुलै १९०२ ला शाहूंनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या. त्या हुकमाची कारणे अनेक होती, पण नदीकाठच्या त्या मंत्रांचा वाटा त्यात मोठा आहे. कोणता मंत्र म्हणायचा हा वाद राज्यकारभाराच्या मुळाशी जाऊन भिडला, असे उदाहरण आधुनिक भारतात दुसरे क्वचितच असेल.

त्याच्या आधीच दुसऱ्या बाजूने दार ढकलले जात होते. स्वामी दयानंदांनी १८७५ मध्ये मुंबईत आर्य समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी पुण्यात व्याख्याने दिली. वेद सगळ्यांचे, स्त्रियांचे आणि शूद्रांचेही, हा त्यांचा मुख्य आग्रह. छापखान्याने उरलेले काम केले. सायणाचार्यांच्या चौदाव्या शतकातल्या भाष्यासह ऋग्वेद पहिल्यांदा छापला तो मॅक्स म्युलरने, इंग्लंडात, १८४९ ते १८७४ या काळात. पुण्याच्या वैदिक संशोधन मंडळाने १९३३ पासून अधिक शुद्ध आवृत्ती काढली. पं. श्रीपाद दामोदर सातवळेकरांनी औंधात आणि नंतर पारडीला स्वाध्याय मंडळ चालवून वेदांच्या संहिता स्वस्तात उपलब्ध करून दिल्या. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांनी ऋग्वेद मराठीत आणला. ज्या शब्दांना कानाची बंदी होती ते आता कोणालाही विकत घेता येऊ लागले.

पौरोहित्याचे दार उघडले तेही महाराष्ट्रात. साकोरीला उपासनी महाराजांच्या कन्याकुमारी स्थानात गोदावरीमातांच्या नेतृत्वाखाली स्त्रिया वेदमंत्र शिकू लागल्या आणि यज्ञ करू लागल्या. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीने स्त्रियांना आणि सर्व जातींच्या इच्छुकांना पौरोहित्य शिकवले आणि प्रत्येक मंत्राचा अर्थ मराठीत सांगून संस्कार करण्याची पद्धत रूढ केली. आज मराठी लग्नात बाई सप्तपदी सांगताना दिसली तर फारसे कोणी वळून पाहत नाही. हा बदल शांतपणे झाला, आणि वेदांच्या बाबतीत गेल्या शतकात घडलेली ही सर्वांत चांगली गोष्ट आहे.

दुसरीकडे मूळ परंपरा आक्रसत चालली आहे. पतंजलींनी महाभाष्यात ऋग्वेदाच्या २१, यजुर्वेदाच्या १०१, सामवेदाच्या १००० आणि अथर्ववेदाच्या ९ शाखा सांगितल्या आहेत. युनेस्कोने २००३ मध्ये वेदपठणाच्या परंपरेला मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून गौरवले तेव्हा १३ शाखाच उरल्याचे नोंदवले, आणि महाराष्ट्र, केरळ, कर्नाटक व ओडिशा येथल्या चार परंपरा धोक्यात असल्याचे सांगितले. महाराष्ट्रात ऋग्वेदाची शाकल, यजुर्वेदाच्या माध्यंदिन, काण्व आणि तैत्तिरीय या शाखा अजून भक्कम आहेत. नाशिक-धुळ्याकडची मैत्रायणी शाखा मात्र मोजक्या घरांच्या आधारावर उभी आहे. एकेक शाखा म्हणजे उच्चारांची, स्वरांची आणि पाठभेदांची स्वतंत्र रचना. ती ध्वनिमुद्रणात ठेवता येते, पण संथा देणारा आणि घेणारा नसेल तर ती जिवंत राहत नाही.

पूर्वी दक्षिणा होती, रमणा होता, अग्रहारे होती. आता १९८७ साली स्थापन झालेले महर्षी सांदीपनी राष्ट्रीय वेदविद्या प्रतिष्ठान काही पाठशाळांना साहाय्य देते आणि बाकीच्या देणग्यांवर चालतात. तेवढे पुरेसे नाही. बारा वर्षे देऊन घन शिकणाऱ्या मुलाला पोट भरण्यासाठी केवळ पूजा सांगत फिरावे लागू नये, अर्थ, व्याकरण आणि भाषाशास्त्र शिकण्याची वाट त्याला मोकळी असावी, आणि ज्याला किंवा जिला शिकायचे आहे त्याची जात वा तिचे स्त्रीपण कोणत्याही पाठशाळेच्या दारात विचारले जाऊ नये. शाखा वाचवायच्या असतील तर घेणारे कान वाढवावे लागतील. आपल्या गावाजवळ एखादी वेदपाठशाळा असेल तर वाचकांनी तिथे सकाळच्या संथेच्या वेळी एकदा जावे, तिला काय हवे आहे ते विचारावे आणि आपल्या मुलीलाही तिथे प्रवेश मिळेल का, हेही विचारावे.